मोरधारचे तीन मुके कारभारी

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी मोरधारगड धुक्यात असा काही बुडाला होता, की बालेकिल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला खालची माची दिसत नव्हती, माचीवरच्याला महादरवाजा दिसत नव्हता, आणि दरवाज्यावरच्या बिचाऱ्याला स्वतःच्या भाल्याचे टोकसुद्धा चाचपून पाहावे लागत होते. दिसत काही नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते. खाली पातशाही छावणीतल्या बैलांच्या घंटा, सुरुंग खणणाऱ्या बेलदारांच्या पहारींचे घाव, कुणी कुणाला मारलेली हाक. धुक्यात लांबचा आवाजही कानाशी आल्यासारखा वाटतो, म्हणून तटावरची माणसे दर घावाला दचकत होती आणि आपण दचकलो हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून उगाच खोकत होती.

मुर्तजाखानाने गडाला वेढा घातल्याला पावसाळा उलटून गेला होता. पावसात वेढे उठतात असा सह्याद्रीचा अनुभव. पण हा खान चिवट निघाला. त्याने गवताची छपरे बांधली, घोडी खालच्या गावात नेली आणि चिखलात मांडी ठोकून बसला. गडावर मदत येणार येणार म्हणून दसरा गेला, दिवाळी गेली. मदत काही आली नाही.

सूर्य उगवला असेल-नसेल तोच सदरेवर रोजचा मुजरा झाला. गादीवर हवालदार सुभानजी खराडे बसले होते. वय तिशीच्या आतबाहेर, गडाची हवालदारी अंगावर पडून जेमतेम वर्ष झालेले. आधीचे हवालदार तापाने गेले आणि एका लहानशा मोर्च्यावर बरी झुंज दिली म्हणून हुजुरातून यांना पाठवले. झुंज देणे त्यांना येत होते. गड चालवणे कुणी शिकवले नव्हते, आणि विचारायची त्यांना लाज वाटत होती.

उजव्या हाताला सबनीस विसाजीपंत गिजरे. गडावरच्या शिबंदीची हजेरी आणि कुठल्या बुरुजावर कोणती माणसे हा सगळा हिशेब त्यांच्याकडे. माणूस बुद्धीचा तल्लख, जिभेचा तिखट. डाव्या हाताला कारखानीस नारोजी प्रभू. धान्य, दारूगोळा, दोर, तेल, सारे त्यांच्या ताब्यात. वयाने वडील, अंगाने स्थूल, आणि अलीकडे बोलताना डोळ्याला डोळा न देणारे.

"कोठी कुशल," प्रभू म्हणाले.

"शिबंदी कुशल," पंत म्हणाले.

"गड कुशल," सुभानजींनी शेवट केला, चौघड्यावर टिपरी पडली आणि सगळे उठले.

तिघेही खोटे बोलले होते. कोठीतली निम्मी दारू ओल धरून बसली होती. शिबंदीतली पाव माणसे हिवतापाने कुडकुडत होती. आणि गडाचे म्हणाल तर गडाच्या हवालदाराला आठवडाभर झोप नव्हती. तलवारीच्या मुठीवर हात ठेवून ते बसत ते काही ऐट म्हणून नव्हे, हात थरथरतो ते दिसू नये म्हणून.

आता ही रीत कुठून आली ते ऐका, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. एका गडावर तीन धनी ठेवायचे हे शहाणपणच. किल्ल्या एकाकडे, माणसे दुसऱ्याकडे, दारूगोळा तिसऱ्याकडे. एक फुटला तरी गड जात नाही. मी त्या रीतीला नावे ठेवणार नाही. पण मोरधारवर फार पूर्वी कधीतरी दोन कारभारी एका पंक्तीला जेवता जेवता शत्रूला मिळाले होते, तेव्हापासून दुधाने पोळलेल्यांनी ताकही फुंकून प्यायला सुरुवात केली. तिघांनी एकमेकांच्या घरी जायचे नाही. दोघांनी एकांतात उभे राहायचे नाही. बोलायचे ते चारचौघांदेखत सदरेवर. आणि सदरेवर कुणी एकदा "कुशल नाही" म्हणाला, तर तेव्हाच्या हवालदाराने त्याला गडाचा धीर खचवला म्हणून पायात बेड्या ठोकल्या. त्यानंतर मोरधारवर रोज सगळे कुशलच असायचे. माणूस मेला तरी दुसऱ्या सकाळी शिबंदी कुशल.

हे खानाला कसे कळले देव जाणे. पण कळले खरे.

पंधरवड्यापूर्वी खानाचा वकील राय हरबन्स पांढरे निशाण घेऊन गडावर आला होता. गोरापान, हसरा, मराठी अशी बोलणार की ऐकणाऱ्याला वाटावे हा आपल्याच गावचा. त्याने सदरेवर उघड उघड कौल मांडला: गड खाली करा, जिवाला अभय, बायकामुलांना वाट. सुभानजींनी उघड उघड तो फेटाळला. सगळे रीतसर झाले. मग वकिलाला पानसुपारी द्यायची, आणि मोरधारची रीत अशी, की एकाच कारभाऱ्याने दिली तर संशय येतो म्हणून तिघांनी आपापल्या घरी वेगवेगळी द्यायची. ही सोय ज्याने केली त्याच्या अकलेला काय म्हणावे मला सुचत नाही. तीन कारभारी एकमेकांशी बोलू नयेत एवढी काळजी घेतली, आणि शत्रूचा वकील मात्र तिघांशी एकटा बोलणार.

प्रभूंच्या ओसरीवर बसून राय हरबन्स विडा चघळत म्हणाला, "प्रभू, आपण वडीलधारे, म्हणून सांगतो. हवालदारांनी खानसाहेबांना शब्द दिला आहे. पंतांनीही कबूल केले आहे. अमावास्या उलटल्यावरची पहिली सकाळ ठरली आहे. कौलात त्या दोघांची नावे आहेत, आपले नाही. मला वाईट वाटले. आपण फार काही करायचे नाही. घोणस बुरुजावर दारू पाठवू नये, इतकेच. ओलसर आहे म्हणावे."

प्रभूंना "चालता हो" म्हणायचे होते. तोंडातून निघाले ते, "विचार करतो."

पंतांच्या घरी हरबन्सने हेच सांगितले, फक्त नावे फिरवून. तिथे हवालदार आणि प्रभू आधीच मिळालेले होते, आणि पंतांनी फक्त घोणस बुरुजावर तापातून उठलेली माणसे नेमायची होती. आणि हवालदारांच्या घरी? तिथे पंत आणि प्रभू केव्हाचेच विकले गेले होते.

"आपण एकटेच उरलात, सुभानराव," वकील अगदी हळू म्हणाला. "त्या सकाळी गड तसाही जाणार. प्रश्न इतकाच, की आपल्या घरातली माणसे कुठल्या बाजूला असतील. चोरदिंडीच्या त्या छोट्या दाराचा एक अडसर काढायचा. रात्री विसरला असे कुणालाही वाटेल."

सुभानजी म्हणाले, "विचार करतो."

भ्यालेल्या माणसाचा हा ठेवणीतला शब्द. त्यात होकार नाही आणि नकारही नाही, पण त्या एका शब्दाने तिघांच्याही गळ्यात फास पडला. शत्रूशी एकांतात बोलणे झाले आणि ते सदरेवर सांगितले नाही, तर शिक्षा ठरलेली होती: पश्चिमेच्या कड्यावरून कडेलोट. पहिल्या दिवशी सांगितले असते तर निभले असते. दुसऱ्या दिवशी सांगायचे तर "काल का नाही सांगितलेत?" तिसऱ्या दिवशी आणखी कठीण. चाकरीत लपवलेली गोष्ट अशीच वाढत जाते. पहिल्या दिवशी ती सांगता येते, आठव्या दिवशी ती आपल्याला खाऊ लागते.

आणि मग संशयाने डोळे फिरले. पंतांनी घोणस बुरुजावर तापातून उठलेली माणसे नेमली. का? तर धडधाकट माणसे महादरवाज्याला हवी होती आणि दुसरी उरलीच नव्हती. सुभानजींनी ती नेमणूक ऐकली आणि पंत विकले गेले हे त्यांना पटले. प्रभूंनी त्याच बुरुजावरची दारू परत कोठीत मागवली. का? तर ती खरोखरच ओली झाली होती आणि उन्हात वाळवायची होती. पंतांनी ते पाहिले आणि घरी जाऊन देवापुढे बसले, पण त्यांना स्तोत्र आठवेना. सुभानजी एका संध्याकाळी चोरदिंडीचा अडसर नीट आहे ना हे पाहायला गेले. प्रभूंनी त्यांना तिथून वर येताना पाहिले आणि ते दिंडीकडे काय करत होते हे मनाशी ठरवूनही टाकले.

कुणीही काही केले नव्हते. तरी गड निम्मा गेल्यातच जमा होता.

अमावास्येच्या आदल्या दुपारी सुभानजी घरी जेवायला आले तेव्हा ओसरीवर वैद्याची बायको बसली होती आणि त्यांच्या पत्नी लाडूबाई तिच्याकडून कसल्याशा काळ्या गोळ्या पदरात घेत होत्या. हवालदारांना पाहून वैद्यीणबाई लगबगीने उठून गेल्या.

"काय आहे ते?" त्यांनी विचारले.

लाडूबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला. "अफू."

"कुणाला?"

"माझ्यासाठी, आणि सासूबाईंसाठी. पंतांच्या मुलीसाठी कालच गेली. प्रभूंच्या सुनांनी परवा नेली. खालच्या माचीवरच्या बायकांना आज देतायत." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "गड पडला तर लागेल म्हणून."

सुभानजी उंबऱ्यावरच बसले. "गड पडणार असे कुणी सांगितले तुम्हांला?"

"कुणी नाही सांगितलं," लाडूबाई म्हणाल्या. "म्हणूनच. तुम्ही जेवत नाही, झोपत नाही, आणि सदरेवर जाऊन कुशल म्हणता. सगळ्या घरांत असंच चाललंय. बायकांना काय समजत नाही होय? मला भीती वाटते हो. तुम्हांला वाटते का ते तरी सांगा."

सुभानजी उठून हात धुवायला गेले. ताट पुढे येईपर्यंत त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ती अडसर काढायच्या विचाराहून भयंकर होती. आपण ज्यांच्यापासून भीती लपवली म्हणून स्वतःला शाबासकी देत होतो, त्यांनी आपल्या भीतीवरून मरायची तयारी करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. सकाळी सदर भरली. धुके सदरेच्या खांबांपर्यंत आत आले होते. शिबंदीचे नाईक, बुरुजांचे जुमलेदार, चौकीचा म्होरक्या गोंदा नाईक रामोशी, सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हते.

"कोठी," प्रभू म्हणाले आणि थांबले. मग हा स्थूल म्हातारा माणूस दोन्ही हात जमिनीवर टेकून खाली बसला. "कुशल नाही, हवालदार. माझ्याने आता म्हणवत नाही. दारू ओली आहे. आणि खानाचा वकील माझ्या ओसरीवर बसून मला फितूर व्हायला सांगून गेला आणि मी ते आजवर गिळून बसलो. मी हो म्हटले नाही. पण नाहीसुद्धा म्हटले नाही."

"कडेलोट," विसाजीपंत ओरडले. "रीत स्पष्ट आहे. याला बांधा आणि आत्ताच्या आत्ता कड्यावर न्या."

ज्याच्या पोटात तेच पाप तोच आधी ओरडला याचे तुम्हांला नवल वाटत असेल, तर तुम्ही कधी कुणाची चाकरी केलेली नाही.

दोन शिपाई पुढे झाले, पण त्यांचे डोळे गादीकडे होते. सगळ्यांचेच डोळे गादीकडे होते. सुभानजींनी फक्त मान हलवायची होती. प्रभू कड्यावरून गेले असते, त्यांच्याबरोबर वकिलाची गोष्ट गेली असती, हवालदार कठोर आणि स्वामिनिष्ठ ठरले असते, आणि त्यांच्या ओसरीवर काय बोलणे झाले ते जन्मभर कुणी विचारले नसते. इतका सोपा मार्ग देव माणसाला फार क्वचित देतो. सुभानजींना तो मोह झाला. मी त्यांना देवमाणूस करणार नाही; त्यांना मोह झाला, आणि चांगला चार श्वासांचा झाला. त्यांना कडा दिसत होता, खाली पडणारा माणूस दिसत होता, आणि तो माणूस कधी प्रभू होता तर कधी ते स्वतः.

मग ते गादीवरून उठले. कमरेची तलवार त्यांनी सोडली, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि दोन्ही प्रभूंच्या पुढ्यात ठेवून त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली.

"प्रभूंना बांधायचे तर मलाही बांधा," ते म्हणाले. "तो वकील माझ्याही घरी बसला होता. मला म्हणाला चोरदिंडीचा अडसर काढा. मी म्हणालो विचार करतो. मी लपवले, कारण मला कड्याची भीती वाटली. आजही वाटते. तुमच्यासमोर बसून माझे हात कापताहेत, ते बघा." आणि त्यांनी हात पुढे धरले.

मग विसाजीपंतांनी डोक्यावरची पगडी काढली आणि ती मांडीवर घेऊन ते तिसरे येऊन बसले. त्यांचा तिखटपणा कुठल्या कुठे गेला होता. "मला घोणस बुरुजाचे सांगितले," ते पुटपुटले. "तापातली माणसे ठेवा म्हणाला. तुम्ही दोघे आधीच मिळालात म्हणाला."

"मला म्हणाला तुम्ही दोघे मिळालात," प्रभू म्हणाले.

"आणि मला," सुभानजी म्हणाले, "तुम्ही दोघे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. इतक्या दिवसांत त्यांनी एकमेकांकडे असे पाहिले नव्हते. तेवढ्यात भिंतीपाशी उभा असलेला गोंदा नाईक खाकरला. राकट माणूस, रीतभात फारशी जाणत नव्हता. "राव, माझं डोकं ल्हान हाय," तो म्हणाला. "पर दिंडी घोणस बुरजाखालीच हाय. बुरजावर आजारी मानसं, बुरजाला दारू न्हाई, खाली दिंडी उघडी. मंग खान उद्या येनार कुठनं, ह्ये सांगाया जोशी लागंल का?"

सदरेवर कुणीतरी हसले. भ्यालेले हसू होते ते, पण हसू होते. तिघांपैकी प्रत्येकाला एकेक तुकडा ठाऊक होता आणि एकट्याने पाहिले तर तो किरकोळ होता. एकत्र ठेवले तर खानाचा सगळा बेत जमिनीवर मांडला गेला: कुठून, कधी आणि कशाच्या भरवशावर.

सुभानजींनी आधी सगळे दरवाजे बंद करवले आणि गडावरून कुणालाही खाली जाऊ द्यायचे नाही असा हुकूम केला. मग त्यांनी मोरधारवर कधी कुणी केले नव्हते ते केले. सदरेवरच सगळ्यांना खाली बसवले आणि म्हणाले, "आपण काय करायचे ते मला एकट्याला सुचत नाही. सांगा." तोंडे उघडायची सवय नव्हती. मग एक बोलला, मग दुसरा, आणि बघता बघता असा कालवा झाला की पंतांना ओरडून एकेकाला गप्प करावे लागले. दुपारपर्यंत बेत ठरला. खानाने सांगितले तस्से करायचे. बुरुजावर आजारी माणसे दिसू द्यायची, दिंडीचा अडसर काढायचा. दिंडीकडे येणारी वाट म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद नळी. तिच्यात माणसे भरली की वरून धोंडे सोडायचे.

पेच एकच होता. धुक्यात वरच्याला खालचे दिसणार नाही. शिंग फुंकावे तर शत्रू सावध होणार, आणि धोंडे आधी सुटले तर नळी रिकामी, उशिरा सुटले तर शत्रू गडात. नळी भरली हे फक्त दिंडीमागच्या माणसाला पावलांच्या आवाजावरून कळणार.

"माझ्याकडे दोर आहे," प्रभू म्हणाले. "दिंडीपासून जिन्याने वर बुरुजापर्यंत पोचेल. खालून एक हिसका म्हणजे आले. दोन हिसके म्हणजे सोडा."

"खालचे टोक माझ्याकडे," सुभानजी म्हणाले.

"वरचे माझ्याकडे," पंत म्हणाले. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. पंतांनी उभ्या जन्मात तलवार धरली नव्हती. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आजारी माणसे मी नेमली आहेत. त्यांना तिथे ठेवून मी घरी बसू काय?"

प्रभू म्हणाले, "जिन्याला मधे वळण आहे. दोर तिथे दगडाला अडकेल. मी वळणावर बसतो."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटली तेव्हा धुके आदल्या दिवसाहून दाट होते. दिंडीच्या आतल्या बोळात सुभानजी, गोंदा आणि निवडक माणसे भिंतीला चिकटून उभी होती. कुणाचे दात वाजत होते ते कळत नव्हते. सुभानजी कुजबुजले, "माझे पाय कापताहेत. तुमचेही कापत असतील तर कापू द्या. पण मी दोर ओढेपर्यंत कुणी हलायचे नाही." गोंदा म्हणतो, त्या एका वाक्याने त्याचा जीव भांड्यात पडला, कारण आपण एकटेच भ्यालो आहोत असे त्याला आदला महिनाभर वाटत होते.

मग आवाज आला. पायाखालचा एखादा दगड घसरला, कुणाची ढाल कातळाला घासली. मग पावले, दबकत येणारी, पुष्कळ. सुभानजींनी एक हिसका दिला. बाहेरून कुणीतरी दिंडीला हात लावला आणि ती कुरकुरत आत सरकली. खानाचा पहिला हशम, पायदळाचा शिपाई, बोळात शिरला. दुसरा. तिसरा. अंधाऱ्या बोळात ते चाचपडत होते आणि भिंतीला चिकटलेल्या माणसांच्या इतके जवळ होते की त्यांच्या अंगाचा घामाचा वास येत होता.

"आता," गोंदा कानात म्हणाला.

सुभानजींनी मान हलवली. नळीत अजून पावले येत होती. अजून नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. बोळातल्या एका हशमाचा हात गोंदाच्या छातीला लागला, तो किंचाळला, आणि त्याच क्षणी सुभानजींनी सगळा जीव एकवटून दोर दोनदा ओढला.

वर पंतांच्या हातात दोर निपचित होता. दगडाच्या कंगोऱ्यात तो अडकला होता. पण वळणावर बसलेल्या प्रभूंनी ताण पाहिला, अंग झोकून दोर कंगोऱ्यातून सोडवला आणि स्वतःच्या हाताने वर दोन हिसके दिले. पंतांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनाही ओळखू आला नाही. तापातून उठलेल्या माणसांनी पहारी लावल्या, धोंडे नळीत कोसळले, आणि मोरधारचा कडा दोन्ही बाजूंनी घुमला. खाली काय झाले ते धुक्याने झाकले. जे ऐकू आले ते मी लिहीत नाही.

बोळात शिरलेल्या हशमांना कापून दिंडी पुन्हा लोटून बंद करताना बाहेरून आलेला एक भाला सुभानजींच्या मांडीत घुसला. ते जन्मभर लंगडत राहिले. गोंदाचा धाकटा भाऊ त्या बोळातच पडला. पण दिंडी बंद झाली. खानाची निवडक माणसे नळीत गेली होती, आणि माघ लागता लागता, वैरण संपली आणि छावणीत तापाची साथ आली तेव्हा, त्याने एका सकाळी डेरे मोडले आणि निघून गेला.

यानंतर गोष्ट संपायला हवी होती. पण राज्यकारभार असा संपत नाही. हुजुरातून सरदार रंभाजी बाबर चौकशीला आले. निष्ठुर नव्हेत, पण रीतीचे पक्के. सदरेवर बसून त्यांनी तिघांचे पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, "गड राखलात, म्हणून कडेलोट माफ. पण शत्रूशी झालेले बोलणे पंधरवडाभर लपवलेत, हेही खरे. पंत आणि प्रभू दुसऱ्या गडांवर जातील. सुभानराव, हवालदारी तुम्हांला यापुढे देता येणार नाही. घाटमाथ्यावर एक चौकी आहे, तिथे नाईक म्हणून रहा."

सुभानजींनी मुजरा केला. काही मागितले नाही.

जाता जाता रंभाजीरावांनी गोंदाला पुढे बोलावले. "खरे सांग. तुमचा हवालदार त्या दिवशी घाबरला होता?"

"व्हय जी. लई घाबरला हुता."

"मग अशा माणसाच्या हुकमावर तुम्ही त्या बोळात उभे राहिलातच कसे?"

"त्येनं त्ये आमाला सांगितलं म्हनून," तो म्हणाला. मग पागोटे काढून हातात घेतले. "सरकार, एक अर्ज हाय. आमची चौकी समदी त्येंच्यासंगं घाटावर धाडा."

रंभाजीराव चकित झाले. "अरे, ती उजाड जागा आहे. तिथे गडाचा मान नाही, वतन नाही, आणि पहिला हल्ला आला तर तिथेच येणार. इथे कोट आहे. तिथे काय आहे?"

"तितं धोका असंल," गोंदा म्हणाला. "पर काय चाललंय ते आमाला कळंल."

रंभाजीरावांनी होकार दिला. चार दिवसांनी, ऊन तापायच्या आत, सुभानजी काठी टेकत मोरधार उतरले, आणि त्यांच्या मागे गोंदाची माणसे डोक्यावर आपापली गाठोडी घेऊन निघाली.